‘ताई, हात कुठे ठेवू?’ : लग्नात जोडप्याचे फोटो काढताना

लग्नाचे फोटो काढायला नव्याने शिकणारी मुले बहुधा कॅमेरा आणि लेन्स यांविषयी विचारतात; मी त्यांना आधी जोडप्याच्या हातांकडे पाहायला सांगते. हसू चेहऱ्यावर आणता येते, पण अवघडलेपण हातांत उरते. नवरदेवाची मूठ आवळलेली असते, नवरी शालूचा पदर बोटांभोवती गुंडाळत असते. ‘ताई, हात कुठे ठेवू?’ असे नवरदेव हमखास विचारतात. ‘कमरेवर’ किंवा ‘खांद्यावर’ असे उत्तर देण्यापेक्षा त्या हातांना काम द्यावे, असे माझे अनुभवातून झालेले ठाम मत आहे. ‘तिच्या मुंडावळ्या डोळ्यांवर आल्या आहेत, जरा बाजूला करा,’ असे म्हटले की तो खरोखरच त्या जपून सरकवू लागतो, ती नजर खाली घेते, आणि पुढच्या क्षणी दोघांनाही हसू येते.

‘हसा’ हा शब्द मात्र शक्यतो टाळावा. मनापासून हसताना ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो आणि तो हुकमाने हलवणे बहुतेकांना जमत नाही, हे फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ मध्येच मांडले होते. म्हणून हुकूम देण्याऐवजी विषय द्यावा. कांदेपोह्यांच्या दिवशी मनात काय आले होते, हे एकमेकांच्या कानात सांगायला लावावे आणि आपण चार पावले मागे सरकावे. दुरूनही चेहरे जवळचे दाखवणारी ८५ मिमीची लेन्स मला यासाठीच आवडते : जोडप्याचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही, हे त्यांनाही कळते आणि ती मोकळी होतात. चालत येताना फोटो घ्यायचा असेल तर शटरचा वेग १/२५० सेकंदापेक्षा मंद ठेवू नये, नाहीतर हालचाल धूसर येते.

ठरवून झालेल्या लग्नात अनेकदा दोघांची ओळख अजून नवी असते. समोर आत्या, मावशी, काका उभे असताना त्यांना मिठी मारायला किंवा कपाळाला कपाळ टेकवायला सांगणे मला योग्य वाटत नाही. त्या संकोचाचाही मान राखला पाहिजे. शेजारी बसून गप्पा मारणारे जोडपेही फोटोत तितकेच जवळचे दिसते. नातेवाइकांना मी आदराने सांगते, ‘काकू, दहा मिनिटे यांना माझ्याकडे द्या, मग तुमचा फोटो पहिला.’ पाहणारे कमी झाले की दोघांच्या खांद्यांवरचा ताण लगेच उतरतो.

नथीचा विचार तर स्वतंत्रपणे करावा लागतो. रोज नथ न घालणाऱ्या मुलीला ती टोचते, मोती वरच्या ओठाला लागतात आणि ती ओठ घट्ट धरून ठेवते; पाहणाऱ्याला ती रागावलेली वाटते. नथ आधी दोन-तीन दिवस घरात थोडा थोडा वेळ घालून पाहा, असे मी केळवणाच्या सुमारास कळवते. आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत असते आणि पत्नी पतीच्या डाव्या बाजूला उभी राहते, त्यामुळे ती त्याच्याकडे वळली की नथ आपोआप कॅमेऱ्यासमोर येते. ही रचना उगाच उलटी करू नये.

शिवाय, अनेक घरांत विधी होईपर्यंत वधूवर उपाशी असतात. भुकेलेल्या, घामेजलेल्या माणसाकडून प्रसन्नतेची अपेक्षा कशी करायची? आधी लिंबू सरबत द्यावे, पंख्याखाली बसवावे.

वेळेची बोलणी लग्नाआधीच, घरातील मोठ्यांसमोर करावीत. गोरज मुहूर्त असेल तर त्याआधीचा उतरत्या उन्हाचा अर्धा तास मागून घ्यावा, कारण मुहूर्तानंतर प्रकाश राहत नाही. ‘अंतरपाट दूर होण्याआधी भेट नको’ असे घरच्यांचे म्हणणे असेल तर हट्ट न करता दुसऱ्या दिवशी पूजेनंतरची सकाळ मागावी. तोवर झोप झालेली असते, पाहुणे पांगलेले असतात आणि घाई कुणालाच नसते.