पार्टिशन लहान-मोठं करण्याआधीची तयारी

आधी कागद-पेन घेऊन बसा. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कची जी आडवी पट्टी दिसते, ती जशीच्या तशी कागदावर उतरवा: कुठलं पार्टिशन (म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग) कितवं, किती जीबीचं, फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) कुठली. सी, डी या अक्षरांवर विसंबू नका. ती विंडोजने दिलेली असतात. पेनड्राइव्हवरून जीपार्टेड (पार्टिशन बदलण्याचं, विंडोजबाहेर चालणारं साधन) चालू केलं की ती दिसत नाहीत आणि एकसारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांतून आपली कुठली ते आकारावरून ओळखावं लागतं. प्रत्येक पार्टिशनला आत्ताच ठळक लेबल देऊन ठेवलंत तर तेव्हा डोकं शांत राहील.

आता त्या चित्रावर ठरवा, कुठली कड हलणार आहे. सगळा धोका याच प्रश्नात आहे. उजवी कड आत घ्यायची असेल तर शेपटाकडच्या थोड्या फाइली सुरुवातीकडे सरकवल्या जातात, फाइल सिस्टिम आखडते आणि मग कड आत येते. डावी कड हलवायची असेल तर मात्र पार्टिशनमधला जवळजवळ सगळा डेटा उचलून दुसरीकडे मांडावा लागतो. मोठ्या हार्डडिस्कवर याला काही तास सहज लागतात, आणि मध्येच वीज गेली तर अर्धा डेटा जुन्या जागी, अर्धा नव्या जागी.

नेहमीचं उदाहरण घ्या. सी भरलाय, त्याच्या उजवीकडच्या डीमध्ये भरपूर जागा आहे. लोक डी श्रिंक (लहान) करतात, रिकामी जागा डीच्या उजवीकडे तयार होते, आणि सीवरचं ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ करडंच राहतं. विंडोजला लगेच उजवीकडे चिकटलेलीच मोकळी जागा चालते. इथे डी सरकवण्यापेक्षा मी दुसरा रस्ता धरेन: डीमधलं सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायचं, डी सरळ डिलीट करायचा, सी वाढवायचा आणि उरलेल्या जागेत नवा डी करून डेटा परत आणायचा. ऐकायला भयंकर वाटतं, पण तपासलेल्या दोन प्रती हातात असतील तर हेच जास्त सुरक्षित. डीवर प्रोग्राम इन्स्टॉल केलेले असतील तर मात्र हा रस्ता सोडा. आणि सी-डीच्या मधे छोटं रिकव्हरी पार्टिशन बसलेलं दिसलं तर ते अडतंय म्हणून झटक्यात उडवू नका. विंडोज बिघडलं तर दुरुस्तीची साधनं तिथूनच येतात. ईएफआय पार्टिशनला (कॉम्प्युटर सुरू होताना लागणाऱ्या फाइली यात असतात) तर हातच लावायचा नाही.

बॅकअपबद्दल सगळेच सांगतात, तरी एक चूक सर्रास होते: सीचा बॅकअप त्याच डिस्कच्या डीवर. पार्टिशन टेबल (कुठलं पार्टिशन कुठे आहे याची डिस्कवरची यादी) बिघडलं तर दोन्ही एकदमच दिसेनासे होतात. बॅकअप वेगळ्या डिस्कवर हवा. शक्य असेल तर फाइलींची साधी कॉपी आणि क्लोनझिलासारख्या साधनाने घेतलेली पूर्ण डिस्कची इमेज (जशीच्या तशी प्रत), दोन्ही ठेवा. मग ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून फाइली उघडून बघा. एखादा मोठा व्हिडिओ शेवटापर्यंत नेऊन पाहा, एखादी झिप उलगडून पाहा. फोल्डरची नावं दिसली म्हणजे आतला माल शाबूत आहे असं नाही. तपासून झालं की ती डिस्क काढून बाजूला ठेवा. प्रत्यक्ष कामाच्या वेळी ती जोडलेली असेल तर चुकून तीच निवडली जाण्याची भीती असते. बूट होणारा पेनड्राइव्हही आत्ताच करून ठेवा, मशीन धड चालतंय तोवर.

बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते बघा. कित्येक लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन मालकाला पत्ता नसताना चालू असतं. ४८ अंकी रिकव्हरी की शोधून कागदावर उतरवा, त्याच डिस्कवर सेव्ह करू नका. मग काम होईपर्यंत बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरतं स्थगित) करा.

जीपार्टेड वापरणार असाल तर फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना ‘शट डाउन’ केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपलेलं असतं, आणि अशा एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) पार्टिशनला हात लावायला जीपार्टेड नकार देतं. तो नकार योग्यच असतो, जबरदस्ती करू नका.

डिस्कची तब्येतही बघून घ्या. स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे) आकडे दाखवणारं कुठलंही साधन चालेल. ‘पेंडिंग सेक्टर’समोर (नीट वाचता न येणारे तुकडे) शून्याखेरीज काही दिसलं तर पार्टिशनचा विचार सोडा आणि डेटा नव्या डिस्कवर हलवा. आकडे ठीक असतील तर चेकडिस्क हे विंडोजचं साधन चालवून फाइल सिस्टिमच्या चुका दुरुस्त करून घ्या.

दोनशे जीबी मोकळे असताना विंडोज दहाच जीबी श्रिंक करू देतं, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. कारण पार्टिशनच्या शेवटाकडे न हलणाऱ्या फाइली असतात: पेजफाइल (मेमरी अपुरी पडली की विंडोज वापरतं ती), हायबरनेशनची फाइल, रिस्टोअर पॉइंट (सिस्टिम प्रोटेक्शन ठेवतं त्या जुन्या स्थितीच्या नोंदी). तात्पुरत्या बंद करा, रीस्टार्ट करा, पुन्हा बघा. तरी अडलं तर इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये २५९ क्रमांकाची नोंद शोधा, नेमकी कुठली फाइल आडवी येतेय ते तिथे लिहिलेलं असतं. सिस्टिम प्रोटेक्शन बंद केलं की जुने रिस्टोअर पॉइंट पुसले जातात, हे मात्र लक्षात असू द्या.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात: ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम चालू सिस्टिमवर वाढवता येते, लहान मात्र अनमाउंट केल्यावरच होते, म्हणून लाइव्ह पेनड्राइव्ह लागतो. एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम असेल तर लहान करण्याचा बेत सोडा. डेटा बाहेर काढून नव्याने बांधणंच व्यवहार्य.

आकड्यांचा हिशेब १०२४ने करा. श्रिंकच्या खिडकीत एमबी मागतात, म्हणजे १०० जीबीसाठी १,०२,४००. आहे ती सगळी मोकळी जागा कापून घेऊ नका, विंडोजला अपडेटसाठीही जागा लागते. जुन्या एमबीआर (पार्टिशनची यादी ठेवण्याची जुनी पद्धत) डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशन बसतात. पुढचं करताना विंडोज ‘डायनॅमिक डिस्क’ करू का विचारतं, तिथे नाही म्हणा.

कामाच्या दिवशी चार्जर लावा, बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या. डेस्कटॉप असेल तर यूपीएस. स्लीप बंद, प्रलंबित अपडेट आधीच उरकलेले. जीपार्टेड पाच-सहा कामं रांगेत लावू देतं, पण एकेकच करा: एक बदल, अप्लाय, रीस्टार्ट, विंडोज नीट उठतंय का ते बघा, मग पुढचा. शेवटी पेजफाइल, हायबरनेशन, सिस्टिम प्रोटेक्शन आणि बिटलॉकर पुन्हा चालू करा, चेकडिस्क आणखी एकदा चालवा. बॅकअपची डिस्क दोन-तीन आठवडे तरी पुसू नका.