डोंगळ्यावरून परतलेली पेटी आधी तपासा

फेब्रुवारी-मार्चमध्ये चांदवड, येवला, सिन्नर भागात कांद्याच्या डोंगळ्यावर, म्हणजे बियाण्यासाठी लावलेल्या फुलोऱ्यातल्या कांद्यावर, मधपेट्या बसतात आणि गावोगावच्या वसाहती एका शिवारात येतात. माश्या चुकून शेजारच्या पेटीत शिरतात, दुबळ्या पेटीतला मध लुटतात, आणि त्या मधाबरोबर रोगही घरी आणतात. म्हणून परतलेली पेटी लगेच जुन्या रांगेत लावू नका. शेताच्या दुसऱ्या टोकाला तीन आठवडे ठेवा आणि तिची अवजारे वेगळी ठेवा. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर पडायला सातेरी या देशी मधमाशीत साधारण १९-२० दिवस लागतात, मेलिफेरा या युरोपीय मधमाशीत २१. एवढ्या काळात एक पूर्ण पिढी नजरेखालून जाते.

सकाळी ऊन आल्यावर पेटी उघडा. फ्रेमवर, म्हणजे पोळे धरणाऱ्या लाकडी चौकटीवर, राणी नाही याची खात्री करून माश्या हलक्या झटक्याने खाली पाडा. सूर्य पाठीशी घ्या, म्हणजे उजेड घरांच्या तळापर्यंत जातो. निरोगी फ्रेमवर बंद घरे (आत पिल्ले वाढत असलेली, मेणाच्या झाकणाची) सलग असतात. मधेमधे रिकामी घरे आणि कुरतडलेली झाकणे दिसली की थांबा, चिमटा हातात घ्या.

सातेरीत सगळ्यात जास्त भीती थायी थैली रोगाची. १९९१ पासून केरळात या विषाणूने असंख्य वसाहती संपवल्या. मेलेली अळी घरात उताणी, डोके झाकणाकडे वर उचललेली दिसते. चिमट्याने ओढली की पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी अख्खी बाहेर येते. वाळली की होडीच्या आकाराची खपली होते आणि ती सहज निघते. याउलट, उघड्या घरातली कोवळी अळीच पिवळी पडून वेडीवाकडी झाली आणि आंबूस वास आला, तर तो युरोपीय फाउलब्रूड, म्हणजे जिवाणूचा रोग. बंद घराचे झाकण खचलेले आणि भोक पडलेले असेल तर आत काडी फिरवून हळू ओढा. दोन-तीन सेंटिमीटर तपकिरी तार निघाली तर अमेरिकन फाउलब्रूड या दुसऱ्या जिवाणू रोगाचा संशय घ्या, पेटी बंद करा आणि तज्ज्ञांना दाखवा. त्याचे बीजाणू पोळ्यात आणि लाकडात कित्येक वर्षे टिकतात.

थैली रोगाला औषध नाही. प्रतिजैविक विषाणूवर चालत नाही, उलट मधात त्याचा अंश उतरतो. ते घालूच नका. राणीला दोन-तीन आठवडे पिंजऱ्यात ठेवा. नवी अळी नसली की अळ्यांना भरवणाऱ्या दाई माश्यांकडून रोग पुढे जाण्याची साखळी तुटते आणि त्यांना मेलेल्या अळ्या काढून टाकायला वेळ मिळतो. रोगट फ्रेम काढून मेण वितळवा, उघड्यावर टाकू नका. उरलेल्या फ्रेम माश्यांनी पूर्ण झाकल्या जातील एवढ्याच ठेवा. माश्या कमी आणि पोळी जास्त झाली की अळ्या थंडावतात, उपाशी राहतात. साखर-पाणी समप्रमाणात, संध्याकाळी, पेटीच्या आतच द्या. थेंब बाहेर सांडला की लूट सुरू होते. तरीही रोग परतला तर साथीत टिकलेल्या वसाहतीची राणी द्या. रोगट पेटीची फ्रेम दुबळ्या पेटीला देऊ नका. मदत म्हणून हे सर्रास केले जाते आणि दोन्ही पेट्या जातात.

मेलिफेरात आधी व्हरोआ माइट, म्हणजे माशीच्या अंगावर जगणारे बारीक परजीवी, मोजा, कारण पंख वाकडे करणारा विषाणू त्याच्याबरोबर पसरतो. अर्धा कप, म्हणजे सुमारे ३०० माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या (राणी नको), दोन मोठे चमचे पिठीसाखर टाका, एक मिनिट घोळवा, दोन मिनिटे थांबा, मग पांढऱ्या ताटलीतल्या पाण्यावर झटका. नऊच्या वर माइट दिसले तर उपचार करा. फॉर्मिक ॲसिड तापमान ३० अंशांच्या पुढे गेले की राणी आणि अळ्या मारू शकते, त्यामुळे नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये ते नको.

द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात एक गफलत होते. पेटीच्या दारासमोर एका दिवसात जीभ बाहेर काढलेल्या माश्यांचा ढीग पडला आणि अळ्या ठीक असतील, तर बहुधा फवारणीची विषबाधा आहे. तिथे रोगाचे उपचार करू नका. फवारणी कधी आणि कशाची झाली ते विचारा.

रिकामी पेटी पुन्हा वापरण्याआधी मेण-राळ खरवडा, धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासा, वाळल्यावर आतून ब्लो लॅम्पने लाकूड तपकिरी होईपर्यंत शेका. कोपरे आणि फ्रेम टेकण्याच्या खाचा सोडू नका.