वीज गेली की अल्पाइनवरचं एसएसएल प्रमाणपत्र गायब (माझा अनुभव)

लक्षण: राजारामपुरीतल्या दुकानातल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर अल्पाइन लिनक्स (हलकी ऑपरेटिंग सिस्टम), डिस्कलेस मोडमध्ये. पावसाळ्यात वीज जाऊन आली की एनजिनएक्स हा वेबसाइट दाखवणारा सर्व्हर सुरूच होत नाही. 'एनजिनएक्स -टी' (कॉन्फिग तपासणारी आज्ञा) दिलं की उत्तर येतं, प्रमाणपत्राची (साइट एचटीटीपीएसवर उघडायला लागणारं) फाइल सापडत नाही.

आधी दर वेळी नवं प्रमाणपत्र काढलं. लेट्स एन्क्रिप्ट (फुकट प्रमाणपत्रं देणारी संस्था) त्याच नावांसाठी 7 दिवसांत 5 प्रमाणपत्रंच देते, मग वाट खुंटली. वैताग आला.

कारण साधं आहे. डिस्कलेसमध्ये सगळी यंत्रणा रॅममध्ये चालते आणि एलबीयू (बदल कार्डावर जतन करणारं अल्पाइनचं साधन) मुळात फक्त 'ईटीसी' हे कॉन्फिगचं फोल्डर जपतं. ॲक्मे.एसएच (प्रमाणपत्र काढणारी स्क्रिप्ट) आपलं सामान रूटच्या होममध्ये ठेवतं, म्हणून एनजिनएक्सची कॉन्फिग उरते, प्रमाणपत्र आणि त्याची गुप्त चावी जाते.

चालला तो क्रम असा. 'एलबीयू इन्क्लूड' देऊन ॲक्मे.एसएचचं फोल्डर आणि वेबसाइटच्या फायलींचं फोल्डर यादीत घाला. ॲक्मे.एसएचच्या 'इन्स्टॉल-सर्ट'ने चावी व फुलचेन (प्रमाणपत्रांची पूर्ण साखळी) 'ईटीसी'तल्या एनजिनएक्स फोल्डरात बसवा, चावीची परवानगी 600 (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी). त्याच आज्ञेच्या 'रीलोडसीएमडी'त (नूतनीकरणानंतर आपोआप चालणारी आज्ञा) एनजिनएक्स रीलोड आणि त्यामागोमाग 'एलबीयू कमिट -डी' (बदल कार्डावर लिहिणं) लिहा. हे विसरलात तर आज चालेल, पण नूतनीकरणानंतरच्या पहिल्याच रीबूटला जुनं प्रमाणपत्र परत येईल. क्रॉनडी (ठरल्या वेळी नूतनीकरण चालवणारी सेवा) 'आरसी-अपडेट'ने डिफॉल्ट रनलेव्हलला जोडा, म्हणजे ती बूटला आपोआप सुरू होईल. मग हाताने एकदा कमिट, 'एलबीयू स्टेटस' रिकामं दिसलं (म्हणजे जतन करायचं काही उरलं नाही) की रीबूट.

चावी आता कार्डावरच्या ओव्हरलेमध्ये (एलबीयू जतन करतं ती फाइल) उघडी असते. कार्ड कुणाला देऊ नका.