सोलापुरातील आडबाजूची खानावळ शोधताना

सोलापुरात चांगली खानावळ पाटीवरून क्वचितच ओळखू येते. पूर्व भागातील पेठांमध्ये, जिथे तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांची वस्ती आहे, दुपारी साडेबाराच्या सुमारास पायी फिरावे आणि यंत्रमागावरील कामगार जेवणासाठी कोणत्या गल्लीत वळतात, हे पाहावे. रिक्षाचालकाला ‘चांगले हॉटेल कोणते’ असे विचारू नये, कारण तो हमखास हमरस्त्यावरचे मोठे नाव सांगतो. ‘तुम्ही स्वतः कुठे जेवता’ असे विचारावे.

आत गेल्यावर प्रथम भाकरी पाहावी. ज्वारीची ताजी भाकरी तव्यावरून थेट ताटात येत असेल आणि शेंगाचटणी उखळात कुटलेली, तेल सुटलेली असेल, तर निःशंक बसावे. कडक भाकरी मात्र शिळी समजून परत करू नये. ती मुद्दाम वाळवलेली असते आणि आमटीत कुस्करूनच तिची खरी चव कळते. लिंगायत खानावळीत मांसाहाराची चौकशी करू नये.

मद्यपानासाठी ‘परमिट रूम’ अशी पाटी शोधावी. महाराष्ट्रात मद्यसेवनासाठी परवाना लागतो, हे लक्षात ठेवावे.