गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचा नकाशा काढताना
राजमहेंद्रीच्या थोडं खाली धवळेश्वरमचा ठिपका द्या. नदी इथून फुटते. पूर्वेकडची गौतमी यानमजवळून समुद्राकडे न्या, पश्चिमेकडची वसिष्ठा अंतर्वेदीला. वैनतेय धवळेश्वरमपासून काढू नका, ती वसिष्ठेतूनच पुढे फुटते. गौतमी-वसिष्ठेमधला भाग म्हणजे कोनसीमा.

हमखास चुकतो तो किनारा. पट्टीने सरळ रेघ ओढली की काकीनाड्याचा उपसागरच नाहीसा होतो. गौतमीच्या मुखापासून उत्तरेकडे वाळूची लांब, अरुंद जीभ काढा. किनाऱ्यालगतचा प्रवाह नदीची वाळू उत्तरेला वाहून नेतो, म्हणून ती तिकडेच वाढली. तिच्या आडोशाला कोरिंगाचं खारफुटीचं जंगल हिरवं रंगवा. नैऋत्येला कोल्लेरू सरोवर. त्यापलीकडे कृष्णेचा त्रिभुज प्रदेश, तो यात मिसळू नका.