रस्सा ताटाबाहेर, भात चॉपस्टिकबाहेर: जेवणाची भांडी निवडताना या चुका टाळा

नवा डिनर सेट घेतला की सगळे पदार्थ त्यातच वाढले जातात. पहिली चूक तिथेच होते. नागपूरचा सावजी रस्सा पातळ असतो, वर तेलाचा थर असतो. सपाट प्लेटमध्ये तो आधी भाताखाली पसरतो आणि मग काठावरून खाली ओघळतो. भाकरी कुस्करून खायची असेल तर दोन-अडीच सेंटिमीटर उभ्या काठाचं ताट घ्या, किंवा 200 मिलिलिटरची रुंद वाटी. लहान वाटीत रस्सा मावेल, पण चार बोटं जाणार नाहीत. तर्री म्हणजे तेलकट, तिखट रस्सा, तो घातलेल्या पोह्यांनाही खोलगट बशीच लागते. चहाचा चमचा तिथे नको, त्यात जेमतेम 5 मिलिलिटर तर्री येते. 10-15 मिलिलिटरचा चमचा ठेवा.

मेलामाइनवर पिवळे डाग पडतात ते हळदीचा रंग तेलात विरघळतो म्हणून. तर्रीत दोन्ही भरपूर! घासून डाग जात नाही, उलट चरे पडतात आणि पुढचा डाग त्यात मुरतो. साबणाने धुऊन भांडं उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हाने उडतो, आणि नागपुरात उन्हाची टंचाई नाही. चरे पडलेल्या मेलामाइनमध्ये उकळता किंवा आंबट रस्सा वाढू नका, आणि मेलामाइन मायक्रोवेव्हमध्ये कधीच ठेवू नका.

नागपूरच्या इतवारी बाजारात स्टील घेताना बरेच जण लोहचुंबक लावून पाहतात. तो चिकटला नाही की माल उत्तम, हा समज अर्धवट आहे. 304 आणि 202 या दोन्ही प्रकारांना चुंबक सहसा चिकटत नाही. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त, त्यामुळे ते खारट-आंबटाला कमी टिकतं. म्हणून भांड्यावरचा शिक्का वाचा, बिलावर प्रकार लिहून मागा. लोणच्याच्या बरणीत चमचा ठेवून द्यायची सवय मात्र 304 लाही मानवत नाही. मीठ आणि आंबट मिळून त्याला बारीक खड्डे पाडतात.

भंडाऱ्याचं पितळ ताटात देखणं दिसतं, पण कढी, ताक, चिंचेचं सार त्यात वाढायचं तर कल्हई हवी. आंबटात तांबं-जस्त उतरतं, चव कडवट होते, मळमळही होऊ शकते. आतून पिवळा धातू दिसायला लागला की पुन्हा कल्हई करा. तारेच्या घासणीने ती लवकर जाते. कल्हईचं पातेलं रिकामं गॅसवर विसरलात तरी जाते, कारण कल्हईतलं कथील 232 अंश सेल्सिअसलाच वितळतं.

आता बाहेरचे पदार्थ. फ्राइड राइस चॉपस्टिकने खाता येत नाही तेव्हा बहुतेकदा दोष हाताचा नसून तांदळाचा असतो. बासमती मोकळा होतो, उचलला की सांडतो. चॉपस्टिकला चिकट, आखूड दाण्याचा भात हवा. बासमती असेल तर सरळ चमचा द्या, त्यात कमीपणा नाही. जपानी चॉपस्टिक आखूड आणि टोकदार, चिनी लांब आणि बोथट, कोरियन बहुधा धातूच्या आणि चपट्या. नवशिक्याला धातूच्या दिल्या तर नूडल्स घसरतात. लाकडी किंवा बांबूच्या द्या.

थाई जेवणात तोंडाकडे चमचा जातो, काटा फक्त घास ढकलतो. स्पॅगेटीला काटा पुरतो.

सूपच्या वाटीत वेगळीच गफलत होते. जपानी सूप वाटी उचलून पितात, म्हणून ती सहसा लाकडाची, लॅकरचा लेप दिलेली असते. तेच सूप एकपदरी स्टीलच्या वाटीत दिलं तर बोटं भाजतात. कोरियात वाटी टेबलावरच राहते, म्हणून तिथे धातू चालतो. घरात स्टीलच असेल तर दुपदरी घ्या.

पळसाची पत्रावळ कोरडी पडली की घडीवर तडकते. वाढण्याआधी थोडा वेळ पाण्यात भिजवा, पुसा, मग मांडा. रश्शाला एकात एक असे दोन द्रोण ठेवा, टाक्यांच्या फटी एकमेकींवर येऊ देऊ नका. बांबूच्या चॉपस्टिक मात्र रात्रभर भिजत ठेवू नका. लगेच धुऊन, टोक वर करून उभ्या वाळवा. पावसाळ्यात डब्यात बंद केल्या तर चार दिवसांत बुरशी धरतात, आणि काळे ठिपके दिसले की त्या फेकायच्याच.