कंपोझिट मॉडनंतर चित्र बिघडल्यास जुन्या संगणकातील दोष कसा शोधावा

1980च्या दशकातील बहुतेक घरगुती संगणक टीव्हीच्या अँटेना सॉकेटला जोडण्यासाठी बनवलेले होते. त्यांच्या आत धातूच्या एका डबीत आरएफ मॉड्युलेटर असतो आणि तो संगणकातून आलेला व्हिडिओ सिग्नल टीव्हीच्या एखाद्या चॅनेलवर चढवतो. कंपोझिट मॉडमध्ये, म्हणजे संगणकात केलेल्या एका बदलामध्ये, हा टप्पा वगळून मूळ सिग्नलच (कंपोझिट सिग्नल) बाहेर काढला जातो. काम थोडक्यात होते. मात्र त्यानंतर चित्र आले नाही, तर दोष संगणकात आहे, नव्याने जोडलेल्या भागात आहे की टीव्हीत, हे आधी ठरवावे लागते. ते ठरल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न तापवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टीव्हीची खात्री सर्वांत आधी करावी. त्याच केबलने, त्याच एव्ही इनपुटवर दुसरे एखादे उपकरण चालवून पाहावे. तेथे चित्र नीट दिसले तरीही टीव्ही पूर्णपणे निर्दोष ठरत नाही. 1982 सालचा 48के झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक पाल या टीव्ही-पद्धतीचे 625 ओळींचे इंटरलेस्ड (एकाआड एक ओळी दोन वेळा मिळून बनणारे) चित्र देत नाही. तो प्रत्येक वेळी 312 ओळींची एकसारखी फ्रेम सेकंदाला सुमारे 50.08 वेळा पाठवतो. काही नवे एलसीडी टीव्ही आणि कॅप्चर उपकरणे असा सिग्नल नाकारतात. एव्ही इनपुट असलेला जुना सीआरटी टीव्ही मिळाला, तर निवाडा करण्यासाठी त्याच्याइतके भरवशाचे दुसरे साधन नाही.

संगणक जिवंत आहे की नाही, हे स्पेक्ट्रमवर चित्राशिवायही कळते. तो सुरू करून काही क्षण थांबावे आणि एखादी कळ दाबावी. आतल्या स्पीकरमधून बारीक ‘टिक’ ऐकू आली, तर प्रोसेसर, रॉम आणि रॅम काम करीत आहेत असे समजावे. आवाज येत नसेल, तर मॉड बाजूला ठेवून आधी संगणकच दुरुस्त करावा.

आवाज येतो पण पडदा कोरा आहे, अशा वेळी मॉड्युलेटरच्या डबीपाशी यावे. स्पेक्ट्रममध्ये या डबीत दोन तारा जातात. एक 5 व्होल्टची असते आणि दुसरी व्हिडिओची. त्यांची अदलाबदल ही नेहमी होणारी आणि टीव्हीला धोका देणारी चूक आहे, म्हणून केबल लावण्यापूर्वी सॉकेटच्या मधल्या टोकावर मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज मोजावे. तेथे थेट 5 व्होल्ट दिसले, तर चुकीची तार जोडली गेली आहे. मूळ सॉकेटच वापरला असेल, तर त्याच्या मधल्या टोकाला डबीच्या आतून जोडलेला रेझिस्टर सोडवला आहे ना, हेही पाहावे. तो राहिला तर सिग्नलचा काही भाग जुन्या सर्किटमध्ये जातो. 5 व्होल्टची तार डबीला जोडलेलीच राहिली, तर मॉड्युलेटरचा ऑसिलेटर चालू राहतो आणि चित्रावर तिरप्या जाळीसारखी नक्षी उमटते.

चित्र दिसते पण फिके, भगभगीत किंवा अंधारे आहे, अशा तक्रारी बहुधा पातळीच्या असतात. कंपोझिट सिग्नल 75 ओहमच्या भारावर 1 व्होल्ट पीक-टू-पीक असावा लागतो. त्यापैकी सुमारे 0.3 व्होल्ट सिंकसाठी (ओळ व फ्रेम कोठे सुरू होते हे टीव्हीला सांगणाऱ्या खुणांसाठी) आणि 0.7 व्होल्ट चित्रासाठी असतात. ही मोजणी ऑसिलोस्कोपनेच आणि टीव्ही जोडलेला असतानाच करावी, कारण भार काढल्यावर तोच सिग्नल दुपटीच्या आसपास दिसतो आणि भलताच निष्कर्ष निघतो. बफर म्हणून, म्हणजे सिग्नलला भार पेलण्याइतका जोर देण्यासाठी, एमिटर फॉलोअर ट्रान्झिस्टर लावला असेल, तर त्याच्या आउटपुटला मालिकेत 75 ओहमचा रेझिस्टर हवा. त्यापुढे डीसी अडवणारा कपॅसिटर असल्यास त्याचे मूल्य पुरेसे मोठे असावे: 100 मायक्रोफॅरड आणि एकूण 150 ओहम यांचा कालांक (व्होल्टेज ओसरण्याच्या वेळेचे माप) 15 मिलिसेकंद येतो, तर एक फ्रेम 20 मिलिसेकंदांची असते, म्हणून वरून खाली उजेड बदलत गेलेला दिसतो. 470 मायक्रोफॅरड किंवा त्याहून मोठा कपॅसिटर बसवल्यास हा दोष बराच कमी होतो. त्याचे धन टोक संगणकाच्या बाजूला ठेवावे.

1981 सालच्या झेडएक्स81चे प्रकरण मात्र वेगळे आहे. त्याची व्हिडिओ सिग्नल देणारी यूएलए चिप 75 ओहमचा भार थेट ओढू शकत नाही, त्यामुळे तेथे बफर अनिवार्य आहे. शिवाय जुन्या 2सी184ई क्रमांकाच्या यूएलए चिपच्या सिग्नलमध्ये सिंकनंतरचा बॅक पोर्च (काळ्या पातळीचा छोटा भाग) नसतो. टीव्ही काळ्या रंगाची पातळी याच जागी पाहून ठरवतो. ती जागाच नसल्यामुळे चित्र अंधारे होते, आणि रेझिस्टर कितीही बदलले तरी ते सुधारत नाही. पोर्च तयार करणारे वेगळे सर्किट घालावे लागते. 2सी210ई चिपमध्ये हा प्रश्न नाही. म्हणून काहीही बदलण्यापूर्वी चिपवरचा क्रमांक वाचावा.

चित्र स्वच्छ पण कृष्णधवल असेल, तर टीव्ही पालऐवजी एनटीएससी या दुसऱ्या रंग-पद्धतीवर ठेवलेला नाही ना, हे आधी पाहावे. नंतर स्पेक्ट्रमवर बॉर्डर आज्ञेला 0 ते 7 आकडे देऊन किनारीचा रंग बदलत न्यावा. आकडा वाढेल तशी करड्या रंगाची उजळी पायरीपायरीने वाढत असेल, तर उजळीचा सिग्नल नीट आहे आणि दोष रंगाच्या बाजूला शोधावा. तेथे रंग-सिग्नल तयार करणाऱ्या एलएम1889 चिपला 12 व्होल्ट मिळतात का आणि 4.43 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल चालतो का, हे तपासावे. ज्या बोर्डांवर ट्रिमर (फिरवून जुळवायचे छोटे भाग) आहेत, तेथे त्यांची मूळ स्थिती खुणेने नोंदवून मगच ते हलवावेत. बफर आणि सॉकेट यांच्यातील तार लांबलचक असली तरीही उच्च वारंवारतेचा रंग-सिग्नल कमजोर होतो, म्हणून ती आखूड ठेवावी आणि ग्राउंडची तार सिग्नल घेतला त्याच्या शेजारूनच घ्यावी. असे न केल्यास उभ्या फिक्या पट्ट्याही दिसू लागतात.

आडवा रुंद पट्टा हळूहळू सरकत असेल, तर दोष मॉडमध्ये नसून वीजपुरवठ्यात आहे. जेथे वीज 50 हर्ट्झची आहे, तेथे स्पेक्ट्रमच्या 50.08 हर्ट्झशी असलेल्या थोड्या फरकामुळे असा पट्टा सुमारे 12 सेकंदांत पडदा ओलांडतो. वेळ तितकीच भरली, तर अडॅप्टरमधील फिल्टर कपॅसिटर संशयास्पद समजावा. अडॅप्टर बदलताना स्पेक्ट्रमच्या प्लगचे मधले टोक ऋण असते, हे अवश्य लक्षात ठेवावे.

लाल आणि निळ्या रंगांच्या सीमेवर बारीक ठिपके रांगताना दिसणे हा दोष नव्हे. पिक्सेलचे घड्याळ आणि रंगाची वारंवारता या संगणकात एकमेकांशी बांधलेल्या नाहीत, त्यामुळे कंपोझिटमध्ये ते ठिपके राहणारच. ज्यांना ते खटकतात, त्यांनी स्पेक्ट्रम 128चा आरजीबी आउटपुट वापरावा किंवा 48केच्या मागील कनेक्टरवरील वेगळ्या रंग-सिग्नलांचा मार्ग धरावा.